पऱ्हाटीचे तेल : आधी मशागत, मग भट्टी

कापसाची शेवटची वेचणी झाली की आपल्या देगलूर भागात शेताशेतांतून धूर निघू लागतो. पऱ्हाटी-तुराटीतले चुलीपुरते सरपण घरी येते. उरलेले बांधावर पेटवून देतात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यापैकी बहुतेक जण शेतकऱ्यांचीच मुले आहोत. त्या धुरातून काय जाते, हे आपल्याला ठाऊक असावे.

हवा लागू न देता काडीकचरा सुमारे ५०० अंश सेल्सियसपर्यंत झपाट्याने तापविला की त्यातून वाफ निघते. ती तत्काळ थंड केली की काळपट, आंबट द्रव मिळतो. हेच जैवतेल. मागे कोळसा उरतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली. त्या कामास २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तेथे ही वाफ भट्टी तापविण्यासाठीच जाळतात. तेल हवे असेल तर ती थंड करून साठवावी लागते.

मात्र शेतातली काडी तशीच भट्टीत घालून चांगले तेल मिळत नाही. पेरणीआधी मशागत, तशी येथेही मशागत हवी. पहिले काम बारीक करण्याचे : भुगा दोन-तीन मिलिमीटरचा असला की उष्णता आतवर चटकन पोचते. दुसरे धुण्याचे : काडीतील पोटॅशमुळे तेलाऐवजी वायू व कोळसा अधिक होतो, पाण्याने किंवा सौम्य आम्लाने धुतल्यास पोटॅश बरेचसे निघून जाते. तिसरे वाळविण्याचे : ओलावा शेकडा १० च्या आत हवा, नाहीतर ते पाणी तेलात उतरते. चौथे, २०० ते ३०० अंशांवर भाजण्याचे : तेल थोडे कमी मिळते, पण त्याचा आंबटपणा घटतो.

एवढे करूनही जैवतेल म्हणजे डिझेल नव्हे. वजनास वजन घेतले तर त्याची उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी भरते. ते भट्टीत जळेल; ट्रॅक्टरमध्ये तसेच ओतता येणार नाही.

आणि मराठवाड्यात काडी धुवायला पाणी कोठून आणायचे? नुसत्या पाण्याने धुतले तर तेच पाणी पिकाला देता येईल. पोटॅशही जमिनीला परत मिळेल. कडब्याला मात्र हात लावू नये. तो गुरांचा घास आहे. हा हिशेब जमला, तरच बांधावरचा धूर घरात पैसा आणील.