शिनचॅनची गावाकडची सुट्टी: संथपणा हेच बळ

‘शिनचॅन: मी अँड द प्रोफेसर ऑन समर व्हेकेशन’ हा २०२१ चा निन्टेन्डो स्विच गेम जपानच्या कुमामोतो भागातल्या खेड्यात घडतो. किडे पकडणं, मासेमारी, गावभर भटकणं, एवढाच दिनक्रम. हाताने रंगवल्यासारखी पार्श्वभूमी आणि मावळतीचा बदलता प्रकाश यामुळे भटकणंच मुख्य आनंद ठरतं. आव्हान नाही, हा आक्षेप खरा. पण दिग्दर्शक काझ आयाबे यांनी २००० च्या ‘बोकु नो नात्सुयासुमी’ या गेमपासून निरुद्देश सुट्टीच तर खेळात उतरवली आहे. हरण्याची भीती आणली, तर ती सुट्टीच संपेल. खरी उणीव वेगळी: कथा छोटी आहे, आणि खेळात तोच आठवडा पुन्हा पुन्हा सुरू होतो, तेव्हा तीच कामं कंटाळवाणी होतात. म्हणून सवलतीत घ्या, रोज थोडाच खेळा.