पाच शतांशांचे रौप्य

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये जिला रिबन म्हणतात ती सहा मीटर लांबीची तलम पट्टी दुरून पाहणाऱ्याला वाऱ्यावर सोडून दिल्यासारखी वाटते. परंतु जवळ बसून पाहिले म्हणजे ध्यानात येते की वारा हाच तिचा पहिला वैरी आहे, आणि म्हणूनच सरावाच्या वेळी सभागृहातील पंखे बंद ठेवावे लागतात, मग बाहेर मुंबईच्या उपनगरातला मे महिना का तापलेला असेना. अशा एका सभागृहात, भिंतीशी टाकलेल्या बाकावर पालकांच्या रांगेत बसून, दहा-बारा वर्षांच्या मुलींचा सराव मी पुष्कळदा पाहिला आहे. आरंभी रिबनीला इस्त्री होते, कारण एखादी सुरकुती राहून गेली तर लाट नेमकी तेथेच मोडते. पन्नास-साठ सेंटिमीटरांची बारीक छडी आणि रिबन यांच्यामध्ये एक इवलीशी फिरकी असते, ती पट्टीला पीळ बसू देत नाही. तरीही गाठ पडायची ती पडतेच, आणि ऐन रचनेत पडलेली गाठ नाचता नाचता सोडवण्याची विद्या कोणत्याही नियमपुस्तकात दिलेली नाही.

मनगट खालीवर हलले की पट्टीत नागमोडी लाटा उठतात, गोल फिरले की वेटोळी पडतात. लाटा चार-पाच तरी असाव्यात, त्या एकमेकींच्या निकट आणि सारख्या उंचीच्या असाव्यात, आणि पट्टीचे शेवटचे टोक जमिनीवर निपचित पडू नये, असा दंडक आहे. पहिल्या तीन-चार मीटरांपर्यंत बहुतेकींना हे साधते. खरी परीक्षा होते ती शेवटच्या हातभर कापडाची, कारण मनगटातून निघालेली प्रेरणा तेथवर पोचेतो क्षीण झालेली असते आणि मुलगी तोवर पुढच्या गिरकीच्या विचाराला लागलेली असते. "कोपर नाही गं, मनगट! झोपली बघ रिबन तुझी," असे ताईंनी ओरडायचे, "हो ताई" म्हणून मुलीने पुन्हा कोपरच हलवायचे, आणि पुन्हा तोच हुकूम सुटायचा, असा हा क्रम संध्याकाळभर चालतो. त्या मुलींच्या पायांत अर्धाच जोडा असतो; चवड्यापुरता, टाच उघडी ठेवणारा, कारण गिरकी सगळी चवड्यावर घ्यायची असते. सराव संपल्यावर पोरी जमिनीवर बसून तो जोडा काढतात तेव्हा त्याच्या तळाला पडलेले भोक ज्याने पाहिले आहे, त्याला या खेळाचे नाजूकपण थोडे संशयास्पद वाटू लागते.

चेंडूची गोष्ट आणखी निराळी. अठरा ते वीस सेंटिमीटर व्यासाचा आणि किमान चारशे ग्रॅम वजनाचा हा गोळा हातात धरायचा नसतो. आरतीच्या तबकासारखा तो तळहातावर ठेवायचा असतो. वरून कोसळणारा चेंडू बोटे न वळवता, हाताला किंचित खाली नेऊन, आवाज न करता स्वीकारायचा. बोटांनी पकडला की पंचांची लेखणी हललीच म्हणून समजावे. कडे आणि मुद्गलाची जोडी, म्हणजे हूप आणि क्लब्ज, यांचेही असेच स्वतंत्र कायदे आहेत, आणि जे उजव्या हाताने साधते ते डाव्यानेही साधले पाहिजे ही अट तर सर्वांनाच लागू आहे. त्या संध्याकाळींनंतर मी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या जुन्या, रंग उतरलेल्या चित्रफिती पुन्हा लावून पाहिल्या, तेव्हा पूर्वी मला जे केवळ मनोहर वाटले होते ते मोजता येऊ लागले. आणि ज्या खेळाडूसाठी मी त्या मुख्यतः लावल्या होत्या ती रुमानियाची दोइना स्तायकुलेस्कू.

रुमानिया आणि जिम्नॅस्टिक्स हे शब्द एकत्र आले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर नादिया कोमानेची उभी राहते, आणि 1976 च्या माँट्रिऑलमधील तो गुणफलक उभा राहतो, ज्याला दहा गुण दाखवण्याची सोयच नसल्यामुळे 1.00 असा आकडा झळकवावा लागला होता. परंतु ते आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स, दांडीवरचे आणि तुळईवरचे. रिदमिक ही त्या घराण्यातली धाकटी शाखा. तिची पहिली जागतिक स्पर्धा 1963 मध्ये बुडापेस्टला झाली, आणि ऑलिंपिकच्या दारात तिला प्रवेश मिळायला त्यानंतर एकवीस वर्षे लागली. या शाखेत सत्ता होती बल्गेरियाची आणि सोव्हिएत संघाची. डॅन्यूब नदीच्या उत्तर तीरावर रुमानिया, दक्षिण तीरावर बल्गेरिया, आणि मधल्या पाण्याच्या रुंदीएवढेच अंतर असूनही रिदमिकच्या गुणतक्त्यात दोन्ही देश फार दूर असत. ज्या देशात मुलींची पारख कोवळ्या वयात होऊन उत्तम त्या तुळईकडे रवाना होत, त्या देशात चेंडू आणि रिबन हाती घेणारीला दुय्यम मान मिळत असणार, हा माझा तर्क आहे. पण तो फारसा चुकीचा नसावा.

आता 1984 चा तपशील. 8 मे रोजी सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार जाहीर केला आणि त्याच्या गोटातील राष्ट्रे एकामागून एक त्याच वाटेने गेली. वॉर्सा करारातील एकट्या रुमानियाने ते फर्मान मानले नाही. चाउशेस्कूच्या राजवटीने हे कोणत्या उदात्त हेतूने केले असे समजण्याचे कारण नाही. मॉस्कोपासून आपण वेगळे आहोत हे जगाला दाखवण्याची संधी त्या दरबाराने सहसा दवडली नव्हती. रुमानियाच्या पथकाला उद्घाटनाच्या दिवशी प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या दिल्या, त्याने वीस सुवर्णपदकांसह एकूण त्रेपन्न पदके नेली, आणि स्त्रियांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये सांघिक सुवर्णही त्यात होते. या सगळ्या गडबडीत, स्पर्धा संपत आल्या असताना, 9 ते 11 ऑगस्ट या तीन दिवसांत विद्यापीठाच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये रिदमिकची पहिली ऑलिंपिक स्पर्धा पार पडली. हूप, चेंडू, क्लब्ज आणि रिबन अशी चार साधने. बारा मीटर लांबी-रुंदीचा चौरस. प्रत्येक रचना दीड मिनिटाच्या आत. आणि साथ एकाच वाद्याची, बहुधा पियानोची, कारण त्या काळी एकाहून अधिक वाद्यांची मुभा नव्हती.

ही शेवटची अट मला फार आवडते. आज या खेळात संपूर्ण वाद्यवृंद वाजतो, गायक गातात, पोशाखांवर खड्यांची आरास चकाकते, आणि रचना इतक्या ठासून भरलेल्या असतात की एक झेल संपण्यापूर्वी दुसरी फेक सुरू होते. कौशल्य वाढले आहे यात वाद नाही, पण पाहणाऱ्यालाच दम लागतो. 1984 च्या चित्रफितींत पियानोच्या दोन सुरांमधली रिकामी जागाही ऐकू येते, साधा एकरंगी पोशाख अंगाची रेघ लपवत नाही, आणि चूक झाली तर ती झाकायला काहीच नसते. त्या उघड्या जागेत स्तायकुलेस्कू काम करते. तिची रिबन पाहताना मी आता तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, पट्टीच्या शेवटच्या हातभराकडे पाहतो. ती गोष्ट बाकावर बसल्यावाचून मला शिकता आली नसती.

गुणदानाची पद्धत येथे थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण निकाल तिच्यातच दडलेला आहे. प्रत्येक रचनेला दहापैकी गुण. पंच दशांशाच्या पटीत आकडा लिहीत. त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गाळून मधल्या दोहोंची सरासरी काढली जाई. प्राथमिक फेरीतील बेरजेचा अर्धा भाग आणि अंतिम फेरीतील चारही रचनांचे पूर्ण गुण मिळून साठांपैकी अखेरचा आकडा ठरे. तो आकडा असा लागला: कॅनडाच्या व्हँकूवरची लोरी फंग 57.950, दोइना स्तायकुलेस्कू 57.900, पश्चिम जर्मनीची रेगीना वेबर 57.700. रुमानियाचीच दुसरी खेळाडू आलिना द्रागान पदकाविना राहिली. पहिल्या दोघींमधले अंतर पाच शतांशांचे. म्हणजे अंतिम फेरीत ज्यांचे गुण हिशेबात धरले गेले अशा पंचांपैकी एकाने, एका रचनेत, एक दशांश अधिक लिहिला असता तर दोघी बरोबरीला आल्या असत्या. सहा-सात वर्षांच्या वयात सुरू होणाऱ्या आणि विशीच्या आसपास संपणाऱ्या आयुष्यक्रमाचा, बॅलेच्या दांडीपाशी ताणलेल्या घोट्यांचा आणि हजारो वेळा उचललेल्या चेंडूचा फैसला एका पेन्सिलीच्या एका फटकाऱ्याने होतो. चेंडू बोटाला किंचित चिकटला की नाही, रिबनीचे टोक एका क्षणासाठी जमिनीला टेकले की नाही, एवढ्यावर.

या रौप्यपदकाविरुद्ध एक तक्रार नेहमी केली जाते आणि ती बिनबुडाची नाही: उत्तम खेळाडू तेथे नव्हत्याच. 1983 मध्ये स्ट्रासबुर्गला जगज्जेती झालेली बल्गेरियाची दिल्याना गेऑर्गिएवा नव्हती, तिच्या तोडीच्या तिच्याच देशभगिनी नव्हत्या, सोव्हिएत मुली नव्हत्या. त्याच ऑगस्टमध्ये त्या सोफियाला, बहिष्कारवाल्यांच्या प्रतिस्पर्धेत खेळल्या. त्या लॉस एंजेलिसला आल्या असत्या तर स्तायकुलेस्कूला पदक मिळाले असते असे मी म्हणणार नाही. बहुधा मिळाले नसते. पण पदकाची किंमत आणि कामाची किंमत ही दोन वेगळी खाती आहेत, आणि आपले क्रीडालेखन त्यांची सरमिसळ फार करते. सोफियाच्या मुली आपल्या इच्छेने घरी राहिल्या नव्हत्या, बुखारेस्टची मुलगी आपल्या इच्छेने विमानात बसली नव्हती. दोन्ही बाजूंना सरकारी दप्तरातून कागद सुटला आणि त्याप्रमाणे कोण कोणाशी खेळणार हे ठरले. तिच्या अखत्यारीत होती ती फक्त मनगटातून निघून रिबनीच्या टोकापर्यंत जाणारी लाट, आणि ती तिने अखेरपर्यंत जिवंत ठेवली हे चित्रफितीत कोणालाही दिसते. ज्यांना त्या पदकाला अर्धे म्हणायचे आहे त्यांनी आधी एखाद्या सराव-सभागृहात जाऊन, पंखे बंद असताना, तासभर बसावे, एवढीच माझी विनंती आहे.

पुढच्या काळात रुमानियाने या खेळासाठी स्वतंत्र महासंघ उभा केला. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये खेळलेली इरिना देल्यानू पुढे त्याची अध्यक्षा झाली. 2012 मध्ये लंडनला आलेक्सांद्रा पिस्कुपेस्कू आणि 2016 मध्ये रिओला आना लुइझा फिलिओरियानू रुमानियाच्या नावाने उतरल्या, उत्तम खेळल्या आणि पदकाविना परतल्या. नियम या दरम्यान अनेकदा बदलले, दहाची कमाल मर्यादा उठली, चौरस बारा मीटरांचा तेरा झाला. ऑलिंपिकच्या रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये रुमानियाच्या खात्यावर आजपर्यंत जमा असलेले पदक मात्र एकच आहे, आणि ते 57.900 गुणांचे रौप्य आहे.