लाल देवदूत, लांब दोरी आणि १४३३ सालची एक यादी

लाल रंगाचे नऊ छोटे देवदूत. त्यांना स्वर्गात इकडून तिकडं पळवायला एक लांब दोरी. सैतानांचे तीन पोशाख आणि तीन मुखवटे, पण मुखवट्यांवर चेहरे मात्र सहा. नरकाचं एक तोंड. आणि ज्यावर बसून देव स्वर्गात जाणार ती लोखंडी बैठक.

यादी एखाद्या गणपती मंडळाच्या देखाव्याची वाटेल, पण ती आहे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली, १४३३ सालची. व्यापाऱ्यांच्या संघाने नाटकाचं सामान कारभाऱ्यांच्या ताब्यात देताना केलेला हा करार. तो छापून जगासमोर आला १९७१ मध्ये. म्हणजे पाचशेहून जास्त वर्षांनी.

त्या काळी यॉर्कमध्ये उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सणाला अख्खं बायबल रस्त्यावर उभं राहायचं. सृष्टीच्या निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंत. प्रत्येक प्रसंग एकेका धंद्याच्या संघाकडे वाटून दिलेला, आणि प्रसंग सादर व्हायचा चाकांच्या गाड्यावर. शेवटच्या न्यायाचा खेळ श्रीमंत व्यापाऱ्यांकडे होता. १५६९ नंतर हे सगळं बंद पडलं.

नाटकांची संहिता मात्र टिकली. ल्युसी टूलमिन स्मिथ यांनी ती १८८५ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण छापली आणि अभ्यासकांना वाचायला शब्द मिळाले. पण गाडा कसा होता, खर्च कोण करायचं, हे संहितेत कुठून असणार?

ही मोकळी जागा बराच काळ तर्काने भरली गेली. ई. के. चेंबर्स हे शिक्षण खात्यात नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी १९०३ मध्ये मध्ययुगीन रंगभूमीवर दोन खंडांचा मोठा ग्रंथ काढला. त्यातली मांडणी साधारण अशी : नाटक चर्चमधल्या प्रार्थनेतून जन्मलं, हळूहळू अंगणात आलं, मग बाजारात. गोष्ट इतकी सुटसुटीत होती की ती पुढं कित्येक पाठ्यपुस्तकांत गेली. १९६५ मध्ये ओ. बी. हार्डिसन यांनी तिला जोरदार आव्हान दिलं. साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणारी ही शिडी तारखांच्या क्रमात बसत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

दुसरा वाद गाड्यांचा. ४७ च्या आसपास नाटकं, आणि प्रत्येक नाटक शहरातल्या अनेक थांब्यांवर पुन्हा पुन्हा. हे एका दिवसात बसतं तरी का? ॲलन नेल्सन यांनी १९७० मध्ये वेळेचं गणित मांडलं आणि हे शक्यच नाही असं म्हटलं.

आणि पुढच्याच वर्षी ॲलेक्झांड्रा जॉन्स्टन आणि मार्गारेट डॉरेल यांनी ती यादी छापली. तिने वेळेचा वाद मिटवला नाही. पण गाड्याला चार चाकं होती, वर लोखंडाचा स्वर्ग होता, दोऱ्या ओढून देव वर जायचा, एवढं तरी कागदावर आलं. टोरोंटोमध्ये तर १९७७ आणि १९९८ मध्ये सगळी नाटकं गाड्यांवर करूनच पाहिली गेली. थांबे अर्थातच यॉर्कपेक्षा कमी ठेवून.

याच जॉन्स्टनबाईंच्या पुढाकाराने टोरोंटो विद्यापीठात एक प्रकल्प उभा राहिला : ‘रेकॉर्ड्स ऑफ अर्ली इंग्लिश ड्रामा’. काम ऐकायला कंटाळवाणं आहे. इंग्लंडमधल्या शहरांच्या आणि चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या, कोर्टाचे कागद, मृत्युपत्रं चाळायची. १६४२ मध्ये लंडनची नाट्यगृहं बंद झाली, तिथपर्यंतची नाटक, गाणं-बजावणं आणि मिरवणुकांची प्रत्येक नोंद उतरवून छापायची. पहिला संच यॉर्कचाच, १९७९ चा. लाल बांधणीचे हे जाड खंड विकत घेणं सामान्य माणसाचं काम नव्हतं, पण आता त्यातले बरेच इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

या पद्धतीवर टीकाही झाली. वहीतून फक्त नाटकाची ओळ उचलली की आजूबाजूचं गाव हरवतं, हा आक्षेप खोटा नाही. कोणती ओळ ‘नाटकाची’ हे शेवटी संपादकच ठरवतो.

तरीही मूळ कागद पुन्हा तपासायची सवय लागली, हे मोठंच काम. वेकफील्डचंच बघा. ३२ नाटकांचं एक हस्तलिखित आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. ते वेकफील्ड गावाचं, असं विसाव्या शतकात सर्रास मानलं गेलं. त्याला मोठा आधार होता जे. डब्ल्यू. वॉकर या स्थानिक इतिहासकाराने छापलेल्या नोंदींचा. १९८०च्या दशकात बार्बरा पामर यांनी त्या तपासल्या, तर त्यांच्यावर भिस्त ठेवता येईना.

हस्तलिखितात वेकफील्डचं नाव आहे, त्यामुळे गावाशी काही तरी नातं असावं. पण सगळी ३२ नाटकं तिथं रस्त्यावर झाली, हे आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. अभ्यासकांच्या १९९४ च्या आवृत्तीवर नाव आहे ‘टाउनली नाटकं’. टाउनली म्हणजे हे हस्तलिखित ज्यांच्या घरात होतं ते कुटुंब.