व्यवसायोपचार आणि कमलाबाई निंबकर

आजारी माणसाची सेवा कशी करावी हें आपल्या घरांना शिकवावें लागत नाहीं. पक्षघाताचा झटका येऊन गेलेल्या वडिलांना घास भरवणें, त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावणें, पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशीं नेणें, हें सर्व घरचीं माणसें प्रेमानें करतात. परंतु या प्रेमळ सेवेंत एक धोकाहि असतो. जें काम रोग्याच्या हातून थोड्या कष्टानें होण्याजोगें आहे, तें नेहमीं दुसऱ्यानेंच केलें म्हणजे त्याचा हात दुबळा राहतो आणि सांधे आखडतात. त्याहून वाईट म्हणजे, आपण आतां कोणाच्याच उपयोगाचे उरलों नाहीं ही भावना त्याच्या मनांत घर करते. प्राण वाचले, पण माणूस आपल्या कामाला मुकला, तर उपचार पुरा झाला असें म्हणतां येईल काय? या प्रश्नांतूनच ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, या शास्त्राचा जन्म झाला.

येथें ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ केवळ पोटाचा धंदा असा नाहीं. स्नान, भोजन, स्वयंपाक, लेखन, खेळ, जें जें माणूस दिवसभर करतो तें सर्व त्यांत येतें. अमेरिकेंतील जॉर्ज बार्टन हा वास्तुशिल्पज्ञ क्षयानें खंगला होता; पुढें त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. बागकाम आणि सुतारकाम करतां करतां त्यानें आपल्या शरीराला पुन्हां वळण लावलें. न्यूयॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं त्याच्याच घरीं १९१७ सालीं या विद्येची पहिली संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांमुळें तिची गरज लौकरच सर्वांना पटली.

या उपचाराची रीत समजण्यास कठीण नाहीं. तज्ज्ञ प्रथम रोग्याला काय करतां येतें तें पाहतो, आणि मग कामाचे लहान लहान भाग पाडतो. ज्याची एक बाजू दुबळी आहे, त्यानें सदरा घालतांना दुबळा हात आधीं बाहींत घालावा व काढतांना चांगला हात आधीं बाहेर काढावा. ज्याची मूठ घट्ट मिटत नाहीं, त्याच्या चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून ती जाड करावी. खांदा आखडला असेल तर हात उंच न्यावा लागेल असें विणकाम, गुडघा व घोटा दुबळा असेल तर पायानें चालणारी करवत, बोटांत शक्ति नसेल तर कणीक मळणें, अशीं कामें नेमून दिलीं जातात. नुसत्या व्यायामाला माणूस कंटाळतो. पण हातून एखादी वस्तु तयार होत असली म्हणजे तोच व्यायाम तो आनंदानें करतो. एक गुंडी लावण्यास रोग्याला दहा मिनिटें लागत असतील, तर तीं दहा मिनिटें स्वस्थ बसून वाट पाहणें हें घरच्या माणसांनाहि शिकावें लागतें.

ही विद्या हिंदुस्थानांत रुजवण्याचें श्रेय कमलाबाई निंबकर यांना आहे. त्या जन्मानें अमेरिकन. माहेरचें नांव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून त्या १९३० च्या सुमारास येथें आल्या व येथल्याच झाल्या. पुढें प्रौढ वयांत त्यांनीं अमेरिकेस जाऊन या विद्येचें रीतसर शिक्षण घेतलें. परत आल्यावर दहा-वीस रोग्यांची सेवा करून त्यांना समाधान मानतां आलें असतें. पण एकटीच्या हातून किती रोगी बरे होणार, हें त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनीं १९५० सालीं मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत देशांतील पहिलें व्यवसायोपचार विद्यालय सुरू केलें. १९५२ सालीं या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना त्यांच्या अध्यक्षतेखालीं निघाली, आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या जागतिक संघाच्या संस्थापक देशांत भारताचेंहि नांव लागलें. दयेचें काम त्यांनीं अशा रीतीनें शिक्षण, परीक्षा आणि संघटना असलेल्या विद्येच्या पदवीला नेलें.

राज्यकर्त्यांची पावलें या मानानें सावकाश पडलीं. अपंगांना समान संधि देणारा कायदा संसदेनें १९९५ सालीं केला. त्यांत सात प्रकारचीं अपंगत्वें मानलीं होतीं व सरकारी नोकऱ्यांत शेंकडा तीन जागा राखल्या होत्या. २०१६ च्या कायद्यानें ते प्रकार एकवीस केले व राखीव जागा शेंकडा चार केल्या. २०२१ सालीं वैद्यकास साहाय्यभूत असलेल्या व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा झाला. त्यांत व्यवसायोपचाराचाहि अंतर्भाव आहे.

कायदा अपंगाला खुर्ची देऊं शकतो. पण त्या खुर्चीपर्यंत जाणें, तेथें बसून लेखणी धरणें आणि दिवसाचें काम निभावणें, हें कोणीतरी शिकवावें लागतें. आणि शिकवणाऱ्याची विद्या जाणून घेऊन वेळींच त्याच्याकडे जाणें, हें घरच्या माणसांच्या हातीं आहे. रुग्णालयांतून रोगी घरीं नेतांना औषधांची यादी सर्वच जण विचारतात. त्याबरोबर, ‘यांना आतां कोणतें काम स्वतःच्या हातानें करूं द्यावें?’ हा प्रश्नहि विचारला जाऊं लागला, तर कमलाबाईंनीं लावलेलें झाड घरोघर फळास येईल.