ठिपके गेले, पण रोग गेला का?

मुंबईत १९५१मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेकांना समुद्रातले मासे काचेआड दाखवले. आता तयार सागरी मीठ मिसळून समुद्रापासून दूर, राजूरसारख्या गावातही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येते. पण नव्या माशाबरोबर रोगही घरात येऊ शकतो.

नेहमी आढळणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके. ‘क्रिप्टोकॅरिऑन’ या एकपेशीय परजीवीमुळे माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात. मासा दगडावर अंग घासतो, भराभर श्वास घेतो, खाणे सोडतो. काही दिवसांत ठिपके जातात आणि मासा बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात परजीवी गळून पडून तळाशी कोषात वाढत असतो. कोष फुटला की असंख्य नवे परजीवी माशांवर तुटून पडतात.

म्हणून नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. त्याची जाळी, बादलीही वेगळी हवी. तांबेयुक्त औषध त्याच टाकीत, मात्रा मोजून द्यावे. मुख्य टाकीत टाकल्यास ते कोळंबी आणि प्रवाळांचा जीव घेते. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती किमान सहा आठवडे माशांविना ठेवावी. यजमान मासा मिळाला नाही, की परजीवी मरतो.