शिवणीतली माया आणि खिशातला मोबाईल

आमच्या दुकानातून कापड घेऊन शेजारच्या शिंप्याकडे शिवायला टाकणारे जुने गिऱ्हाईक एक गोष्ट हमखास बजावत असे, "मास्तर, माया जरा जास्त सोडा." आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. धंद्यात नवे होतो तेव्हा हा शब्द ऐकून आम्ही चक्रावलो होतो, कारण मायेचा आम्हाला माहीत असलेला अर्थ आईच्या मायेचा. मास्तरांनी एक शिवण उसवून आत दुमडलेले बोटभर जादा कापड दाखवले, तेव्हा उलगडा झाला. पोर वाढले, अंग भरले की शिवण उसवायची, कपडा सैल करायचा. नवा कपडा आणखी दोन वर्षे लांबणीवर.

हा शब्द आज आठवला तो एका मोबाईलमुळे.

मोबाईल आमच्या अब्बांचा. त्यांच्या पश्चात आम्ही तो गल्ल्याच्या खणात जपून ठेवला होता. त्यात त्यांच्या आवाजातले निरोप होते. "शटर ओढताना मीटरकडे बघ", "अमक्याचे थान परत आले आहे", असले साधेच. शिवाय उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो. गेल्या वर्षी त्याची बॅटरी फुगली आणि पाठीचे झाकण उचलले गेले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेला, तर काउंटरवरच्या मुलाने उघडूनही पाहिला नाही. "काका, हे मॉडेल बंद झाले. पार्ट येत नाही. नवा घ्या, ह्याचे पाचशे सुटतील." आम्हाला पाचशे नको होते, अब्बांचा आवाज हवा होता.

घरी आल्यावर विचार केला, की त्याच घरात अम्मीच्या लग्नातली पायाची शिलाई मशीन अजून चालते. सोलापुरी चादर तर तीस वर्षांची आहे. मग हजारो रुपयांचा मोबाईल पाच-सहा वर्षांत कचरा का व्हावा?

ह्या प्रश्नावर वस्तूंची घडण करणाऱ्या मंडळींनी बराच विचार केला आहे. ब्रिटनचे डिझाईनचे अध्यापक जोनाथन चॅपमन यांनी २००५ साली ह्या विषयावर आख्खे पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्येक वस्तू मोडते म्हणून टाकली जात नाही. पुष्कळ वस्तू चालू असतानाच टाकल्या जातात, कारण त्यांच्यावरून मन उडते. तेव्हा वस्तू नुसती मजबूत करून भागत नाही, ती माणसाला जवळची वाटत राहील अशी घडवावी लागते.

कापडवाल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. चादर दर धुण्याला मऊ होते, रंग जरासा उतरतो, काठ झिजतो. विरली की गोधडीत जाते. तांब्याच्या हंड्याला कलई केली की तो पुन्हा उभा राहतो. ह्या वस्तू आपल्याबरोबर म्हाताऱ्या होतात आणि म्हातारपण त्यांना शोभते. मोबाईलचे उलटे आहे. डब्यातून निघतो त्या दिवशी तो सर्वांत देखणा, पुढे फक्त चरे आणि तडे. शिवाय आपण त्याला पहिल्याच दिवशी रबरी कव्हरात कोंडतो, मग हाताची सवय त्याला लागणार कशी? जीव जडतो तो आतल्या फोटोंवर, आवाजांवर, हिशेबावर. ते नव्या फोनमध्ये उतरवून घेतले की जुना परका झाला.

पण चॅपमनसाहेबांच्या विचाराला आमची एक पुरवणी आहे. आमच्या मनात अब्बांच्या मोबाईलबद्दल माया भरपूर होती, त्याच्या शिवणीत मात्र नव्हती. दुरुस्तीला वावच नसेल तर नुसत्या जिव्हाळ्याने काय होणार?

हा वाव कसा बुजवला जातो ते कारागीर बांधवांनी नीट समजून घ्यावे. लिथियमची बॅटरी ही मुळातच झिजणारी चीज. शेकडो वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरते, म्हणजे ती बदलावी लागणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. पूर्वी पाठीचे झाकण नखाने निघायचे. आता बऱ्याच फोनना स्क्रूच्या जागी गोंद असतो. काही कंपन्या सुट्या भागांना सांकेतिक नंबर देऊन ते मूळ फोनशी बांधून टाकतात, मग दुसरा चांगला स्क्रीन बसवला तरी फोन कुरकुर करतो. एवढ्यातूनही यंत्र तगले, तर आतली प्रणाली जुनी होते. अपडेट थांबतात, मग एकेक ॲप पाठ फिरवते. ॲन्ड्रॉईड ४.४ असलेल्या फोनवरचे व्हॉट्सॲप २०२५ च्या सुरुवातीला असेच बंद झाले. फोन चालू, काम बंद.

हे फक्त मोबाईलपुरते नाही. आपल्या चादरीची नक्षी ज्या जॅकार्डवर उठते त्याचा शोध १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लिआँ शहरात लागला. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक आहे की नाही, एवढ्यावर धागा उचलायचा की नाही ते ठरते. पुढे हीच भोकाची कार्डे कॉम्प्युटरच्या कामी आली, म्हणजे आपला माग हा कॉम्प्युटरचा आजोबाच म्हणायचा! कार्ड फाटले तर कारागीर दुसरे टोचून घेतो. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर नक्षी झटपट बदलते, कबूल. पण त्याचा बोर्ड जळाला आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असले, तर चांगला लोखंडी माग उभ्या उभ्या भंगारात जातो. मशीन घेणाऱ्यांनी ह्याचा विचार दर ठरवण्याआधी करावा.

आता माया सोडणारेही आहेत. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने २०१३ पासून असे फोन बनवायला घेतले. २०१५ च्या त्यांच्या दुसऱ्या फोनचे भाग घरच्या घरी सुटे करता येत. २०२३ च्या पाचव्या फोनला त्यांनी पाच वर्षांची वॉरंटी आणि किमान आठ वर्षे अपडेटचा शब्द दिला. फ्रान्सने २०२१ पासून फोनवर दुरुस्तीचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपियन युनियनचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीत ८० टक्के ताकद राहिली पाहिजे, आणि विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले, पण युरोपसारखी सक्ती त्यात नाही. गुगल आणि सॅमसंगने आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट द्यायचे २०२३-२४ मध्ये जाहीर केले. स्वस्त फोन घेणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाच्या, वाट्याला ते अजून आलेले नाही. २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, त्याचा पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन गाळला गेला नाही.

कोणी विचारेल, वस्तू टिकली तर दुकानदाराने विकायचे काय? तीस वर्षे टिकणारी चादर विकूनच आमचे घर चालले. ज्याची चादर टिकली त्याने लेकीच्या लग्नालाही आमच्याकडूनच घेतली. आणि दुरुस्ती हाही धंदाच आहे. आपल्या किती मुलांनी एका टेबलावर, एका भिंगाखाली मोबाईल दुरुस्तीतून घर उभे केले आहे! गोंद आणि सांकेतिक नंबर त्यांच्या पोटावर येतात. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याआधी विचारा : बॅटरी बदलायला किती लागतील, पार्ट किती वर्षे मिळेल, अपडेट कोणत्या सालापर्यंत?

अब्बांचा मोबाईल शेवटी अशाच एका मुलाने उघडला. गरम हवेने गोंद सैल केला, फुगलेली बॅटरी हलक्या हाताने उचलली, दुसऱ्या मेलेल्या फोनमधली चालणारी बॅटरी बसवली. अडीच तास लागले. निरोप आणि वहीची पाने दुसरीकडे उतरवून घेतली. मजुरी तो घेत नव्हता, आम्ही जबरदस्तीने दिली. झाकण पुन्हा चिकटवू का, असे त्याने विचारले. आम्ही नको म्हटले. ते आता रबराने बांधलेले आहे.