थप्पीतल्या गोण्या आणि मशीनमधल्या गोण्या

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, की गावच्या विकास सोसायटीच्या गोदामासमोर सकाळपासून खतासाठी रांग लागते. टेबलावर विक्री नोंदवणारे पॉस मशीन, शेजारी साठा रजिस्टर, मागे गोण्यांच्या थप्प्या. शेतकरी अंगठा टेकवतो, मशीन नाकारते. तो अंगठा पंच्याला पुसून पुन्हा टेकवतो. खुरपे आणि कासरा धरून रेषा झिजलेल्या त्या अंगठ्याची ओळख मशीनला लवकर पटत नाही. त्यातच रेंज जाते आणि रांगेतून आवाज येऊ लागतात.

अशा वेळी गटसचिव जुनाच मार्ग काढतो. वहीत नाव लिहायचे, गोण्या द्यायच्या, अंगठे रेंज आल्यावर घ्यायचे. पेरणी खोळंबलेल्या माणसाला परत पाठवणार तरी कसे? पण त्या क्षणापासून एकाच गोदामात दोन साठे तयार होतात. थप्पीत ४० गोण्या उरलेल्या, मशीनमध्ये मात्र अजून १९० शिल्लक.

हा फरक नुसता हिशेबाचा नाही. अनुदानित खताचे हे मशीन थेट केंद्र सरकारच्या खत व्यवस्थापन प्रणालीला जोडलेले असते. २०१६ पासून काही जिल्ह्यांत त्याची चाचणी झाली. त्यात महाराष्ट्रातले नाशिक आणि रायगड होते. मार्च २०१८ पर्यंत ही पद्धत देशभर लागू झाली. ४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि बाकीचा खर्च सरकार कंपनीला देते. पूर्वी माल जिल्ह्यात पोचला की अनुदानाचा मोठा भाग सुटायचा. आता शेतकऱ्याला झालेली विक्री मशीनवर नोंदल्याशिवाय तो सुटत नाही. मशीनचा मूळ हेतू अनुदानाची गळती रोखण्याचा होता. गावोगावचा साठा रोजच्या रोज दिसू लागला, हा त्यातून झालेला वरचा लाभ.

तो आकडा पाहूनच वरचे लोक ठरवतात, कुठे माल आहे आणि कुठे नाही. मशीन १९० म्हणत असेल, तर त्या गावाला नवी गाडी कशाला? ऐन पेरणीत ‘जिल्ह्यात मुबलक साठा’ अशी बातमी छापून येते आणि त्याच दिवशी दुकानाच्या साठा फलकावर युरियापुढे शून्य असते, त्यामागे कधी साठेबाजी असते, तर कधी न घेतलेले अंगठे.

सोसायटीच्या टेबलावर आता संगणकही आला आहे. देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. राबवण्याचे काम नाबार्डकडे आहे आणि महाराष्ट्रातल्या १२ हजार संस्था त्यात धरल्या आहेत. कर्जाच्या खतावणीबरोबर गोदामाचा हिशेबही एकाच प्रणालीत यावा, ही कल्पना. त्यापुढची पायरी म्हणजे साठा कमी होताच संगणकानेच मागणी पाठवायची.

त्याचे गणित सोपे आहे. समजा, पशुखाद्याच्या रोज १२ गोण्या जातात, मागणी केल्यावर गाडी यायला ५ दिवस लागतात आणि अडीअडचणीला २० गोण्या हाताशी हव्यात. बारापंचे साठ, त्यात वीस, म्हणजे ८०. साठा ८० वर आला की मागणी गेली पाहिजे. किराणा दुकानदार हे तोंडी करतो. संगणक ते विसरत नाही, एवढाच फरक.

खताला हे गणित लावले की ते कोलमडते. मे महिन्यात दिवसाला तीन गोण्या विकणाऱ्या सोसायटीसमोर पावसानंतरच्या सकाळी शंभर माणसे उभी असतात. सरासरी काय कामाची? शिवाय युरिया सोसायटीने मागितला म्हणून येत नाही. हंगामाआधी राज्याची गरज दिल्लीत ठरते, महिन्यामहिन्याचा पुरवठा आखला जातो, कंपनीची रेक मालधक्क्यावर लागते आणि तिथून ट्रक सुटतात. एका रेकमध्ये साधारण अडीच हजार टन माल. तो अनेक तालुक्यांत वाटला जातो. संगणकाने पहाटे तीनला मागणी पाठवली, तरी रेक लागायची तेव्हाच लागणार.

थप्पीच्या पोटातलेही संगणकाला कळत नाही. युरिया हवेतली ओल ओढतो. खाली लाकडी फळ्या नसतील किंवा भिंतीला खेटून थप्पी लावली असेल, तर तळच्या गोण्यांचे दगड होतात. रजिस्टरला त्याही गोण्याच. हमालाने पाय लावून पाहिले की त्याला लगेच कळते. आपोआप मागणी करणाऱ्या यंत्रणेला महिन्यातून एकदा तरी हा हमाल लागणारच.

म्हणूनच सुरुवात खतापासून करणे ही घाई आहे. सुरुवात पशुखाद्यापासून व्हावी. जनावर बाराही महिने खाते, खप दिवसागणिक फारसा हलत नाही आणि माल कोणाकडून, किती घ्यायचा हे सोसायटीच्या हातात असते. डेअरीत दुधाचे वजन आणि फॅट मशीनवर पाहून चिठ्ठी खिशात घालणाऱ्या गावाला यात नवे काही वाटणारही नाही. खतासाठी संगणकाने इशारा द्यावा, मागणी सचिवाने करावी. गेल्या हंगामात कोणत्या आठवड्यात ‘दहा-सव्वीस’ खत संपले, हे संगणक सांगेल; यंदा कोणाच्या शेतात कापसाऐवजी सोयाबीन पडणार, हे सचिवालाच ठाऊक असते.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. सभासदांनी तिथे एकच कागद मागावा. एकाच दिवशी, एकाच वेळी मोजलेल्या गोण्या तीन रकान्यांत: थप्पीत किती, पॉस मशीनमध्ये किती, संगणकात किती.